भोंग्यावरचे निबंध

गणिताच्या मास्तरांकडे रिटायर झाल्यावर काय उरतं? पाढे. ते सगळ्यांचे सारखेच. मराठी शिकवणाऱ्या बाईकडे मात्र किस्से उरतात, आणि त्यातले निम्मे तिनेच पोरांकडून लिहून घेतलेले असतात. "वीस ओळी निबंध लिहा" म्हणून आपण खुर्चीत टेकायचं, की चाळीस घरांच्या चुली, गोठे, भांडणं आणि पाहुणे आपल्या टेबलावर येऊन बसतात. चार मैत्रिणी जमल्या की मी एखादा किस्सा सांगते. मग शेंगा सोलायला घेतल्यासारखं होतं, एक म्हणता म्हणता सूप भरतं.

हे सगळे किस्से एकाच वर्षातले आहेत. दहावीची नवी मॅट्रिक सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. जिल्हा तेव्हा अकोला होता, वाशीम नंतर वेगळं झालं. आमचं गाव मेडशीच्या पुढे, सडकेपासून आत. मी अमरावतीहून तिथे नोकरीला गेले. शाळा नववीपर्यंतच होती. दहावीसाठी फाट्यावर जाऊन एसटीनं मालेगाव गाठायचं. आमचं मालेगाव म्हणजे वाशीमकडचं. बाहेरचे लोक नाशिककडचं समजतात आणि भलतीच चौकशी करतात.

आमचे हेडमास्तर गावंडे सर. भला माणूस, पण डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात शिरलं की मुलांचे निबंध वहीत मरतात, ते गावानं ऐकले पाहिजेत. ग्रामपंचायतीनं नुकताच रेडिओ, माईक आणि चावडीसमोरच्या कडुलिंबावर भोंगा बसवला होता. सरांनी सरपंचांना गाठलं आणि ठरलं. दर शनिवारी संध्याकाळी रेडिओवरचे बाजारभाव संपले की एका विद्यार्थ्यानं माईकवर आपला निबंध वाचायचा. वारा चांगला असला तर आवाज किन्हीराजाच्या वाटेवरच्या शेतांपर्यंत जायचा.

माईकची कळ कोतवाल तुळशीरामच्या ताब्यात. भोंगा यायच्या आधी हाच माणूस हलगी वाजवत गल्लोगल्ली दवंडी द्यायचा. दवंडी दोनदा द्यायची, हा त्याचा नियम. म्हणून पोरानं निबंध वाचून संपवला की तुळशीराम माईक आपल्याकडे ओढायचा आणि सगळ्या निबंधाचं सार आपल्या भाषेत गावाला पुन्हा सांगायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. थांबवायची हिंमतही कोणी केली नाही.

या तुळशीरामची मुलगी पंचफुला माझ्या वर्गात, नववीला. पोरगी हुशार, कमी बोलणारी. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात तुळशीरामनं मला सांगून टाकलं होतं, "बाई, यंदा शिकवून घ्या तिले काय शिकवायचं थे. नववी झाली का बस." मी म्हटलं, अजून वर्ष आहे, बघू.

* * *

पहिला निबंध होता 'फुलपाखराचे आत्मवृत्त'. वाचणारा पाचवीतला रामा सुताराचा मुलगा. आवाज असा बारीक की भोंग्यातून आणखीच करुण वाटायचा. "मी पिवळे फुलपाखरू आहे. काल एका दुष्ट मुलाने मला धरले. माझा पंख मोडला आहे. कोणीतरी मला सोडवा."

पंख वगैरे शेवटपर्यंत कोण ऐकतो? 'मला सोडवा' तेवढं गावभर गेलं. खालच्या आळीतून दोन म्हाताऱ्या धापा टाकत चावडीवर आल्या. एकीच्या हातात लाटणं होतं. "कोनाचं लेकरू हाय? कोनं धरलं त्याले?"

तुळशीरामनं शांतपणे माईक ओढला.

"ऐका हो ऐका. आता जे बोल्लं थे फुलपाखरू नोतं. रामा सुताराचा पोट्टा होता. त्याले कोनं धरलं नाई. साऱ्यायनं आपापल्या घरी जावं."

* * *

दुसरा किस्सा समुद्राचा. गाईडात विषय होता 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ'. आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस नव्हता. खरं सांगायचं तर मीही पाहिलेला नव्हता, पण शिक्षिकेनं तसं बोलून दाखवायचं नसतं.

आठवीतल्या विठ्ठलनं लिहिलं होतं, "समुद्रात म्हशी बसल्या होत्या. पलीकडच्या काठावर ज्वारी डोलत होती. समुद्राला पूर आला की लोक दोन दिवस अलीकडेच मुक्काम करतात."

मी म्हटलं, "अरे विठ्ठल, समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही."

विठ्ठलनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, पलीकडं काठच नसन, तं पानी थांबते कायच्यानं?"

मी वही मिटून त्याच्या हातात दिली. निबंध जसाच्या तसा भोंग्यावर गेला. गावाला अतिशय आवडला. तुळशीरामनं सार सांगितलं, "ऐका हो. समुद्र म्हनून एक हाये. पानी भरपूर हाये. पन आपल्या तालुक्यात नाई."

* * *

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग आला 'मी सरपंच झालो तर'.

सातवीतल्या गजाननचा निबंध. तो वाचायला लागला तेव्हा म्हशी घरी परतत होत्या. घंटा, धूळ, हाका, या गोंधळात निबंधाची सुरुवात कोणालाच ऐकू आली नाही. ऐकू आलं ते थेट मधलं. "येत्या सोमवारपासून शाळेपुढची नाली खोदण्यात येईल. बाजाराच्या ओट्यावर टिनं टाकण्यात येतील. विहिरीवर दुसरा रहाट बसेल." गजाननची भाषाही पंचायतीच्या कागदासारखी. तुळशीरामनं नियमाप्रमाणे तिन्ही कामं पुन्हा एकदा गावाला सांगितली.

सोमवारी सकाळी सरपंच नामदेवराव दातून करत दारात आले, तर दारापुढे फावडी घेतलेली दहाबारा माणसं आणि डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका.

"रहाट कुठी हाये?" पहिल्या बाईनं विचारलं.

नामदेवरावांनी समजावलं की तो शाळेतल्या पोराचा निबंध होता. निबंध म्हणजे काय तेही समजावलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग भोंग्यावर काहून बोल्ला? भोंगा काय त्या पोट्ट्याचा हाये? भोंगा तं पंचायतीचा हाये."

या मुद्द्यावर गावात दुमत नव्हतं. भोंग्यावर आलं म्हणजे झालं. नामदेवराव आठ दिवस घराबाहेर निघाले की लोक त्यांना नालीचं विचारायचे. शेवटी नाली खोदली. दिवाळीनंतर रहाटही बसला. टिनांचं मात्र ते कबूल झाले नाहीत.

पण त्याआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना चावडीवर बोलावून घेतलं आणि राग काढला तो तुळशीरामवर. "कळ तुह्या हातात होती ना? बंद काहून नाई केली?"

तुळशीराम म्हणाला, "नामदेवभाऊ, अर्धी दवंडी लय वाईट. उरलेली लोक आपल्या मनानं पुरी करते."

"अन् खोटी दवंडी?"

"माही दवंडी आजलोक खोटी पडली नाई," तुळशीराम म्हणाला. आणि खरोखर, रहाट बसला त्या दिवशी तो मुद्दाम विहिरीवर जाऊन एक घागर ओढून आला.

चावडीवरच्या त्या बोलावण्यापासून एक नवा नियम झाला. निबंधावर आधी माझी सही, मगच भोंगा.

* * *

मी धडा घेतला. म्हटलं, आता अगदी निरुपद्रवी विषय. 'माझा आवडता प्राणी'.

सहावीतल्या कमलनं आपल्या शेळीवर लिहिलं. शेळी दोन्ही वेळेला किती दूध देते, कधी आजारी पडत नाही, दर वेळेला दोन पिलं देते, कोणाच्या शेतात तोंड घालत नाही. मी कौतुकानं सही केली. पोरीनं छान वाचलं.

रविवारी उजाडत नाही तोच कमलच्या दारात तीन गिऱ्हाइकं! एक तर शेलूबाजारच्या वाटेवरच्या खेड्यातून आलेला, त्याला म्हणे वाऱ्यावर ऐकू आलं. कमलचा बाप चक्रावला. गिऱ्हाईक म्हणे, "विकायची नाई, तं भोंग्यावर कायले सांगतलं?" कमल शेळीच्या गळ्यात हात घालून दिवसभर गोठ्यात बसून राहिली. जेवायलाही उठली नाही.

त्याच संध्याकाळी तुळशीरामला खास दवंडी द्यावी लागली. "ऐका हो ऐका. कमलची शेळी विकनं नाई. काल जे झालं थे फक्त कौतुक होतं."

* * *

मग आला तो विषय, जो प्रत्येक शाळेत येतो. 'माझे ध्येय'.

वह्या तपासायला घेतल्या आणि थक्क झाले. सगळा वर्ग डॉक्टर होणार होता. सगळे गावातच दवाखाना काढणार होते आणि सगळे गरिबांकडून फी घेणार नव्हते. गाईड एकच, दुसरं काय? गावंडे सरांना मात्र भरून आलं. ते त्या शनिवारी स्वतः माईकवर बोलले. आमच्या मुलांची ध्येयं किती उंच आहेत हे त्यांनी गावाला सांगितलं.

तुळशीरामनं सार सांगितलं. "ऐका हो. आपल्या गावात यंदा पस्तीस डाक्टर होऊन राह्यले. आता बिमार कोनं पडायचं, थे गावानं ठरवावं."

सगळं गाव हसलं. सरही हसले, जरा उशिरानं.

पण त्या गठ्ठ्यात एक निबंध वेगळा होता. पंचफुलाचा. तिनं गाईड पाहिलं नसावं. तिनं लिहिलं होतं, "मला एसटीचा कंडक्टर व्हायचे आहे. आमच्या फाट्यावरून कंडक्टर रोज सकाळी मालेगावला जातो आणि रोज संध्याकाळी परत येतो. त्याला कोणी विचारत नाही की तू कशाला जातोस."

बायका तेव्हा कंडक्टर होत नसत. मी लाल पेन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. त्या निबंधावर मला काही लिहिता आलं नाही. तो मी भोंग्यावरही पाठवला नाही.

* * *

होळी झाल्यावर मी बौद्धवाड्यात तुळशीरामकडे गेले. अंगण स्वच्छ सारवलेलं. पंचफुलानं पाणी दिलं आणि आत गेली. दाराच्या फटीतून तिची सावली दिसत होती.

मी म्हटलं, "तुळशीरामभाऊ, तुमचा मोठा मुलगा शिकला, वाशीमला नोकरीला लागला. ही त्याच्याहून हुशार आहे. दहावी करू द्या."

"शिकन्याले मी नाई म्हनतच नाई, बाई," तो म्हणाला. "शिकल्याबिगर आमचं कायनं चांगलं होईन, थे मले समजते. शाळा गावात असती तं बारावीलोक शिकवली असती. पन जवान पोरगी रोज फाट्यावर उभी राहीन, रोज मोटरीनं जाईन. लोक काय म्हनतीन?"

"लोक काय, दोन दिवस बोलतील."

त्यानं मान हलवली. "तुमाले नाई समजनार. सारं गाव माह्या तोंडून ऐकते. गावानं माह्याबद्दल बोलू नये, एवढंच मी आजलोक पाह्यलं." मग हळू आवाजात म्हणाला, "शेलूबाजारचे पाव्हने पाहाले येऊन राह्यले, पुढच्या हप्त्यात. पोरगा चांगला हाये."

मला राग आला, आणि त्याच्यावर धरताही येईना, कारण तो खोटं बोलत नव्हता. चहा घेतला आणि उठले. दारातून निघताना पंचफुला माझ्या चपला सरळ करायच्या निमित्तानं बाहेर आली.

"बाई, या शनिवारी कोनाचा नंबर हाये?"

"अजून ठरला नाही. विषय दिलाय ना, 'माझे वडील'."

"मी लिहू काय?"

"लिही की," मी म्हटलं.

* * *

शुक्रवारी तिनं वही दिली. मी निबंध उभ्यानंच वाचला, मग बसून वाचला, मग सही केली. गावंडे सरांनीही वाचला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"बाई, हे खरं आहे का?"

"उद्या संध्याकाळपर्यंत होईल, सर."

वही माझ्या हातात देऊन सर म्हणाले, "मला उद्या जरा लवकर यायला हवं. पुढे जागा मिळाली पाहिजे."

शनिवारी बाजारभाव संपले. तूर, ज्वारी, कापूस झाले. तुळशीराम यंत्रापाशी बसलेला, एक हात कळीवर. आज आपली मुलगी वाचणार हे त्याला चावडीवर आल्यावरच कळलं होतं. त्यानं डोक्यावरचं पागोटं नीट केलं. पारावर नामदेवराव होते, रामा सुतार होता, लाटणंवाली म्हातारीही होती. पंचफुला माईकपुढे उभी राहिली. ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"माझे वडील," तिनं सुरुवात केली. "माझे वडील गावाचे कोतवाल आहेत. पूर्वी ते हलगी घेऊन पावसात, उन्हात दवंडी द्यायचे. त्यांची चप्पल दर वर्षी झिजायची, पण आवाज झिजला नाही. त्यांनी दिलेली दवंडी आजपर्यंत कधी खोटी पडली नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे."

लोकांनी माना डोलावल्या. तुळशीरामनं जमिनीकडे पाहिलं. त्याला आनंद लपवता येत नव्हता.

"माझे वडील म्हणतात की शिकल्याशिवाय चांगलं होत नाही. त्यांनी दादाला शिकवलं. आता जूनपासून ते मला मालेगावला दहावीला पाठवणार आहेत. मी सकाळच्या एसटीनं जाईन आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येईन."

तुळशीरामची मान वर झाली.

"ही गोष्ट त्यांनी अजून मला सांगितलेली नाही. ते सांगणार आहेत. मला धीर निघाला नाही म्हणून मी आधीच सांगत आहे."

तुळशीरामचं बोट कळीवर होतं. ते मी पाहत होते, सर पाहत होते, नामदेवराव पाहत होते. भोंगा बंद करायला नुसतं खाली दाबायचं होतं.

कळ दाबली गेली नाही.

"लोक काही बोलले तर माझे वडील ऐकून घेणार नाहीत," पंचफुला वाचत राहिली, आता आवाज जरा कापत होता, "कारण आमच्या गावात लोक बोलत नाहीत, माझे वडील बोलतात, आणि लोक ऐकतात. असे माझे वडील मला फार आवडतात. निबंध संपला."

ती माईकपासून बाजूला झाली. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. लाटणंवाली म्हातारी पहिल्यांदा बोलली. "तुळशीराम, हे बराबर केलं तू. आमाले कालच सांगाचं ना." रामा सुतारानं त्याच्या पाठीवर थाप मारली. नामदेवराव घसा खाकरत म्हणाले, "भोंग्यावर आलं, भाऊ. आता माह्या नालीवानी झालं हे."

तुळशीराम आपल्या मुलीकडे पाहत होता. तिनं मान खाली घातली होती आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. दवंडी दोनदा द्यायची असते. सगळं गाव दुसरी ऐकायला थांबलं होतं.

त्यानं माईक आपल्याकडे ओढला.

"ऐका हो ऐका. आता जे बोल्ली थे माही पोरगी होती. ज्यायनं ऐकलं त्यायनं ऐकलं. ज्यायनं नाई ऐकलं त्यायले पुन्ना सांगतो. जूनपासून पंचफुला मालेगावले दहावीत जाईन. शेलूबाजारच्या पाव्हन्यायनं सध्या येऊ नये."

तो थांबला. आम्हाला वाटलं संपलं. त्यानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि पुन्हा माईकवर वाकला.

"अन् सकाळच्या मोटरवाल्यानं फाट्यावर थांबत जावं."